यष्टीत हसलेली पोरगी

माझ्या पाया पडणाऱ्यांत माझा सख्खा बापही होता. हे वाचून कुणाला गंमत वाटेल, कुणाला माझं भाग्य थोर वाटेल. मला तेव्हा काय वाटायचं ते सांगतो : लाज वाटायची. चौदावं लागलेलं पोर मी. कीर्तनाला उभं राहायच्या आधी गळ्यात हार पडायचा, कपाळाला बुक्का लागायचा आणि मग म्हातारीकोतारी, पाटील, सोसायटीचे चेअरमन, झालंच तर मला शाळेत छड्या मारायचा हक्क असलेले गुरुजी, एकामागून एक वाकायचे. गादीवर जो उभा राहतो त्याचं वय बघायचं नाही, अशी रीत. सगळ्यांत शेवटी अण्णा यायचे आणि माझ्या पायांवर डोकं टेकवायचे. त्यांच्या टकलाचा गार स्पर्श मला अजून आठवतो. बरं, निदान घरी आल्यावर तरी हे सोंग उतरावं? छे! घरीही अण्णा मला 'महाराज'च म्हणायचे आणि 'तुमी' म्हणायचे. "महाराज, तुमी भाकर खाल्ली का?" असं बापानं विचारल्यावर पोरानं भाकरीसाठी पाय आपटून रडायचं तरी कसं?

आष्टीहून यष्टीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. पाऊस मनाला आला तर पडायचा, त्यामुळे ज्वारी आणि बाजरी याशिवाय ताटात फारसं काही नसायचं. पण बाई, म्हणजे माझी आई, येसराची आमटी अशी करायची की शेजारचं पोर वास घेत आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. घरात पहाटे पहिला आवाज अण्णांच्या टाळांचा, दुसरा म्हशीचा, तिसरा बाईच्या भाकरी थापण्याचा. चौथा माझा. मला खर्जातला रियाज करायला लावायचे, तोही थंडीत, अंगावर एक उपरणं घेऊन. पाच-सहा वर्षांचा असताना मी कुठल्याशा सप्त्यात एक अभंग म्हटला, माणसं रडली, आणि तेव्हापासून मी घरातला पोरगा राहिलो नाही, घरातला महाराज झालो. अण्णांना स्वतःला कीर्तनकार व्हायचं होतं. गळा फुटक्या घागरीसारखा. उभ्या जन्मात त्यांना कुणी टाळकऱ्यांच्या पुढं उभं केलं नाही. त्यांचा लोभ मला आज कळतो. तेव्हा कळत नव्हता आणि तेव्हा कळायचं माझं वयही नव्हतं.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्या कीर्तनात एक ठरलेला भाग असायचा. लोक त्याचीच वाट बघायचे. अभंगाचं निरूपण चाललं की म्हातारे पेंगायचे, पण मी उपरणं खोचून "आजकालची पोरं!" असं म्हटलं की सगळा मांडव ताठ. "आजकालची पोरं! पँट खालून एवढी रुंद की आत कोंबडी अंडी घालून जाईल! खिशात दमडी न्हाई, पर कंगवा हाय! आन पोरी? दोन वेण्या, त्याला फिती, हातात वही, यष्टीत खिडकीजवळ बसून खी खी खी! माय घरी भाकरी थापती आन लेक यष्टीत दात काढती!" हशा, टाळ्या, कुणीतरी मृदंगावर एक थाप मारायचा. चौदा वर्षांचं पोर चौदा वर्षांच्या पोरांना शिव्या घालतंय, आणि पन्नास वर्षांची माणसं मांड्या थोपटून हसतायत. हा मजकूर माझा नव्हता हो. अण्णा आणि सप्त्याच्या मंडळींनी मला ओट्यावर बसवून, हातवाऱ्यांसकट शिकवला होता. कोंबडीच्या ठिकाणी किती थांबायचं तेसुद्धा. त्याबद्दल माफी मागायला मी हे लिहीत नाही. ज्यांनी तोंडात घातलं त्यांनी मागावी, आणि ते आता वर गेले.

याचा एक परिणाम असा झाला की गावातल्या पोरांना मी विषासारखा वाटायला लागलो. कुणाचं पोर परीक्षेत आपटलं की मार देताना बाप म्हणणार, "बघ जरा त्या बाळमहाराजाकडं! तुझ्याच वयाचा हाय!" माझ्या नावानं किती पोरांच्या पाठी सुजल्या असतील त्याचा हिशोब नाही. मी विटीदांडू बघायला नुसता उभा राहिलो तरी खेळ थांबायचा. शिव्या बंद व्हायच्या. एकदा गणप्या म्हणाला, "म्हाराज आलं रे, धोतरं नेसा," आणि सगळी फुटून गेली. वाईट म्हणवली जाणारी पोरं निदान एकमेकांत असतात. चांगलं म्हणवलं जाणारं पोर एकटं असतं. मोठ्या माणसांनी एकदा कपाळाला बुक्का लावला की तो पुसायचीही चोरी.

आणि गंमत सांगू? माझ्याही खिशात कंगवा होता. हिरवा, प्लॅस्टिकचा, आष्टीच्या बाजारात घेतलेला. माझं डोकं शेंडी सोडून चकोट, विंचरायला केसच नाहीत. तरी सदऱ्याच्या आतल्या खिशात तो ठेवायचा, कुणी नसताना काढायचा आणि शेंडीवरून फिरवायचा. एकदा धुण्यात तो बाईच्या हाती लागला. मला वाटलं, आता वाजली आपली. बाईनं तो खळखळ धुतला, पदरानं पुसला आणि वाळलेल्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवून दिला. त्या विषयावर आम्ही मायलेक आयुष्यात कधी बोललो नाही.

मग माझा आवाज फाटायला लागला. वरचा सूर लावायला जावं आणि मधेच घोगरं काहीतरी निघावं. अण्णांनी पहिला दोष दिला मायकाला. आमच्यासोबत आष्टीचे रशीदभाई असायचे, त्यांचे भोंगे आणि बॅटऱ्या सगळ्या तालुक्यातल्या सप्त्यांत. अण्णा त्यांच्यावर खेकसले, "रशीदभाई, मशीन खरखरतंय तुमचं!" रशीदभाई शांतपणे म्हणाले, "अण्णा, मशीन टकाटक हाय. महाराजांची मिसरूड बघितली का तुमी? पोरगं जवान व्हायलंय, कावून लेकराला तरास देताय?" अण्णांना ते पटलं नाही. त्यांचं मत, मी चोरून बोरं खाल्ली. बोरं बंद, चिंच बंद, ताक बंद. सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमध आणि काळी मिरी. म्हणजे आवाज फुटला हासुद्धा माझाच अपराध! त्या वयात अंगाला काहीही झालं तरी ते पोरानं केलेलंच असतं, असा मोठ्यांचा पक्का समज असतो.

माझी बहीण सुमन, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचो. घरात मला 'बाळ्या' म्हणणारी ती एकटीच, तेही अण्णा नसताना. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढं आष्टीला यष्टीनं जावं लागायचं. बाईनं जिद्दीनं तिला पाठवलं होतं आणि आता ती दहावीत, आमच्या बोलीत 'धावीत', होती. गावातून यष्टीनं शाळेला जाणारी ती एकुलती एक मुलगी. तिला शिक्षिका व्हायचं होतं. होय, तेच ते, सगळ्याच मुलींना तेव्हा शिक्षिका व्हायचं असायचं, कारण शिकलेली दुसरी बाई त्यांनी बघितलेलीच नसायची. पण अक्काचं ते नुसतं म्हणणं नव्हतं. ती म्हशीची धार काढताना म्हशीला भूगोल सांगायची.

मार्गशीर्षातली गोष्ट. दत्तजयंतीला आमच्या गावचा सप्ता असे. ज्वारीला हुरडा आलेला, रानात आगट्या पेटलेल्या, आणि गावात सात दिवस वीणा उभी. वीणा उभी म्हणजे काय ते नव्या वाचकांसाठी सांगतो. सप्ता बसला की वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असलीच पाहिजे. ती भुईला टेकवायची नाही. दुसरा माणूस येऊन, वाकून, आपल्या गळ्यात घेईपर्यंत पहिल्यानं जागा सोडायची नाही, मग घराला आग का लागेना. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, आणि ते यंदा गावच्याच बाळमहाराजांचं ठरलं होतं.

सप्ता बसायच्या आदल्या दिवशी तात्या आमच्या ओट्यावर आले. तात्या म्हणजे सप्त्याचे कर्तेधर्ते, शंभर एकरांचे धनी, गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मी आतल्या खोलीत घशाला गरम पाण्याची पिशवी लावून बसलो होतो, दाराआड अक्का उभी.

"अण्णा, राग मानू नगा," तात्या म्हणाले. "महाराज गादीवरनं सांगतेत, सगळं गाव ऐकतं. पर लोक आमाला तोंडावर इचारतेत, महाराजांची बहीण यष्टीत खिदळती ती कशी काय? परवा माज्या डोळ्यांदेखत हसली."

"कशापायी हसली?" अण्णांनी विचारलं.

"आता कशापायी हसली ते मी इचारीत बसू का? हसली, झालं!"

ती कशापायी हसली ते मला ठाऊक होतं, कारण तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. बाजाराच्या दिवशी एका म्हातारीच्या पाटीतली कोंबडी सुटली आणि थेट कंडक्टरच्या मांडीवर जाऊन बसली. कंडक्टर म्हणाला, "आजी, हिचं पुरं तिकीट का अर्धं?" सगळी गाडी हसली. अक्का म्हणाली, तात्यांचं तर हसता हसता पागोटं सुटलं होतं. पण पुरुषाचं हसणं ते हसणं, आणि सोळा वर्षांच्या पोरीचं हसणं ते खिदळणं. त्याला काय करता?

अण्णा म्हणाले, "काला हू द्या तात्या. काला झाला की तिची शाळा बंद." बाई चुलीपाशी होती. भाकरीचा आवाज तेवढा थांबला.

अक्का माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "बोल की बाळ्या अण्णांला. तुझंच तर ऐकतेत सगळे." त्या दिवशी जेवताना मी धीर केला. म्हटलं, अण्णा, अक्काची परीक्षा तीन महिन्यांवर आलीय, तेवढी होऊ द्या. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला आणि हात जोडले, माझ्याकडे बघून! म्हणाले, "महाराज, तुमीच तर सांगता. आता गादीवर एक आन घरात एक, असं कसं चालंल? लोक श्येण घालतेन तोंडात." बोला आता! माझ्याच शब्दांनी माझं तोंड बंद केलं. सात दिवस मी पंगतीला बसलो आणि नुसता आमटीत बोट फिरवत राहिलो. अक्का मात्र रोजच्यासारखी पहाटे उठायची, वेण्या घालायची आणि यष्टीला जायची, जणू आठवा दिवस येणारच नव्हता.

काल्याची सकाळ. मांडव गच्च भरलेला. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. लाह्या, दही आणि लोणच्याचा खार घालून भरलेली हंडी मधोमध टांगलेली. माझ्या मागे वीणा घेऊन अण्णाच उभे होते. हा मान त्यांनी मागून घेतला होता. अर्ध्या कीर्तनात किसनबापूंनी उठून वीणा घ्यायची असं ठरलं होतं. किसनबापू म्हणजे गावातलं सगळ्यांत कडक म्हातारं. पोरं त्यांची सावली चुकवायची.

कृष्णाच्या खोड्यांपर्यंत सगळं नीट चाललं. मग पुढच्या रांगेतून तात्यांनी हात वर केला. "महाराज, ते यष्टीचं होऊ द्या!" लोक आधीच हसायला लागले. मी उपरणं खोचलं. "आजकालची पोरं" इतकंच म्हणालो आणि 'पोरं'वर माझा आवाज असा फाटला की रशीदभाईंच्या चारही भोंग्यांतून तो शिवारभर गेला. लोक किती हसले म्हणून सांगू! मागून कुणीतरी ओरडला, "म्हाराजांचा कोंबडा आरवाया लागला बे!" टाळकरी हसले, मृदंगवाला हसला. माझे कान पेटले. बायकांकडे बघितलं तर बाईच्या शेजारी अक्का, मान इतकी खाली की वेण्या भुईला टेकलेल्या. आजूबाजूच्या सगळ्या बायका माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. त्यांना पुढचा मजकूर पाठ होता ना.

पुढचं मी ठरवून केलं नाही. तोंड उघडलं तर नवाच आवाज आला, जाड, मलाही अनोळखी. मी म्हणालो, "यष्टीत हसणारी पोरगी माजी बहीण हाय. सुमन. ती तितं बसलीय." पुरुषांच्याही माना तिकडं वळल्या. "कोंबडीला तिकीट मागितलं म्हणून ती हसली. तात्यापण हसले. यष्टीत बिड्या कोण ओढतं? सुट्ट्या पैशावरनं कंडक्टरच्या मायबहिणीवर कोण जातं? त्यांची यष्टी कुणी बंद केली न्हाई." इथं बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. "तिची शाळा आज बंद व्हायची हाय. तर मी गादीवरनं इचारतो. तिचं काई वंगाळ कुणी आपल्या डोळ्यानं बघितलं आसंल तर त्यानं हितं उभं राहून सांगावं. मी सोता तिची शाळा बंद करतो."

मागे अण्णांचा श्वास मला ऐकू येत होता. मी मान वळवली. त्यांचा चेहरा लालबुंद. माझ्या कानशिलात देण्यासाठी त्यांचा हात शिवशिवत होता, पण हातात वीणा! खाली ठेवता येईना, जागा सोडता येईना. त्यांनी दातांतून हाक मारली, "बापू! ओ बापू! घ्या की वीणा!" किसनबापू पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते, डोळे गच्च मिटलेले, हात जोडलेले. ढिम्म हलले नाहीत. अण्णांनी आणखी दोघांकडे बघितलं. एकानं मान वळवली, दुसरा टाळाची दोरी सोडून परत बांधायला लागला. सगळ्या मांडवात माझ्या बापाच्या गळ्यातली वीणा घ्यायला एक माणूस उठला नाही. आणि माझ्या प्रश्नावरही एक माणूस उठला नाही. तात्या पागोटं सारखं करत होते.

मग मी जयजयकार केला, हंडी फोडली, आणि लोक लाह्यांसाठी एकमेकांच्या अंगावर पडले. नंतर कुणीतरी किसनबापूंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "डोळा लागलता बे माजा. वय झालं." चार भोंग्यांच्या खाली, मृदंगाच्या पुढ्यात डोळा लागला म्हणे! त्या म्हाताऱ्याशी मी जन्मात दहा शब्द बोललो नसेन, पण त्यांच्या दहाव्याला मी नोकरीवर रजा टाकून गेलो होतो.

पुढं मी यष्टीतच कंडक्टर झालो, सगळी नोकरी आष्टी, बीड, मांजरसुंबा याच रस्त्यांवर गेली. शाळेच्या पोरी मागच्या बाकांवर हसायच्या आणि एखादा धोतरवाला मला म्हणायचा, "कंडक्टर, जरा गप करा की त्यांला." मी म्हणायचो, "हसायला तिकीट न्हाई बाबा." आता तर शेजारचे लोक नातवांना घेऊन येतात, "काका, याच्या हातातला मोबाइल सुटंना, जरा दोन शब्द सांगा, तुमी कीर्तनकार होता." मी त्या पोराला चहा पाजून परत पाठवतो. पोरगं मोबाइलमध्ये काय बघतं हे त्याला एकदाही न विचारता त्याचं सगळं भविष्य सांगणारी माणसं मी फार जवळून बघितलीत. त्यांनी मला हार घातलेत.

त्या काल्याच्या दिवशी अण्णा पंगतीला जेवले नाहीत. दिवस कलल्यावर घरी आले, बाजेवर बसले, बाईनं पाणी दिलं ते प्यायले. मी भिंतीला टेकून उभा, मार खायची तयारी करून. तांब्या खाली ठेवून ते बाईकडे बघून म्हणाले, "जाऊ दे तिला. गावानं साक्ष दिली, आता मी कोण बंद करणार?" मग माझ्याकडे वळले. रागावतील वाटलं, पण त्यांचे डोळे भरले होते. "तुजं कीर्तन संपलं रे बाळ्या," म्हणाले. तुजं! रे! बाळ्या! मला रडू आलं ते कीर्तन संपलं म्हणून नव्हे. बाई घाईघाईनं चुलीकडे गेली आणि विस्तव नसलेल्या चुलीत फुंकर घालत बसली.

मी पळत परसात गेलो. अक्का विहिरीहून आणलेली घागर उतरवत होती. "अक्का, शाळा चालू! अण्णा हो म्हणले!" मला वाटलं होतं ती मला मिठी मारील. निदान हसेल. मी तिच्यासाठी माझी गादी घालवून बसलो होतो, माझ्या मते.

तिनं घागर खाली ठेवली. "कुणी उभं राह्यलं आसतं तर?" ती म्हणाली.

"कोण उभं राहतंय? तू काई केलंस का?"

"तेच इचारते. केलं आसतं तर? कुणाकडं बघून हसले आसते, कुणाला चिठ्ठी दिली आसती, तर तू शाळा बंद करणार होतास. गादीवरनं बोललास तू. मग तात्यात आन तुज्यात फरक काय रे?"

"मी तुज्यासाठी..."

"माज्यासाठी सगळ्या गावापुढं मला उभं केलंस. मी चांगली निघाले म्हणून मला शाळा. उद्या पुन्हा हसले तर पुन्हा साक्षी काढशील?" सात दिवसांत ती रडली नव्हती आणि तेव्हाही रडली नाही. मी तिथंच, कपाळावरचा बुक्का घामानं नाकावर उतरलेला, तसाच उभा राहिलो. तिनं पदर खोचला, घागर पुन्हा कमरेवर घेतली आणि माझ्याजवळून जाताना थांबली.

"मी बिघडले आसते ना बाळ्या," अक्का म्हणाली, "तरीबी मला धावी करायची होती."